गाडी पाणी पिते : कूलंटच्या गळतीची वही

गाडी २०१२ ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, ८१,४१२ किमी. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही. गार असताना निळा दिवा, उकळल्यावर लाल, मधलं सगळं देवाच्या भरवशावर. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रसायन मिसळलेलं पाणी, एकूण ४ लिटर, रेडिएटरच्या झाकणावर १.१ हा आकडा. घर नागपुरात मानेवाड्याला, ऑफिस सिव्हिल लाइन्सला, जाऊन-येऊन रोजचे २० किमी.

२८ एप्रिल २०२४, रविवार

रामटेकहून परत येताना कन्हानच्या पुलाआधी ट्रकांची रांग लागली. दहा मिनिटं गाडी जागच्या जागी, एसी चालू. तेवढ्यात ब्लोअरमधून गोडसर वास आला. ही म्हणाली, "कोणाचा तरी पाक करपला वाटते." हायवेवर कोण पाक करणार? एसी बंद केला, काचा खाली केल्या. वास गेला आणि त्याच्या जागी झळ आत आली. लाल दिवा काही लागला नाही.

घरी आल्यावर तास-दीड तास बोनेटला हात लावला नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसते, हे आमच्या खात्यातल्या एका ड्रायव्हरच्या हातावरचे डाग पाहून मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकलो. गार झाल्यावर रेडिएटरला जोडलेली कूलंटची बाटली पाहिली. पातळी 'लो'च्या रेघेच्या बोटभर खाली. आणि रंग? मूळ कूलंट गुलाबी होतं. हे म्हणजे उरलेल्या चहात पाणी ओतावं तसं.

शेवटची कधी पाहिली होती बाटली? दिवाळीत. तेव्हा भरलेली होती, म्हणून नंतर पाहिली नाही.

२९ एप्रिल, सोमवार

पेंचच्या कालव्यावर होतो तेव्हा गळतीची तक्रार आली की पहिलं काम गेज वाचायचं. किती जाते ते आधी, कुठून जाते ते नंतर. तीच सवय इथे लावली.

हिच्या शिवणाच्या डब्यातली जुनी टेप कापून बाटलीला उभी चिकटवली, शून्य तळाशी. 'लो' ३० मिमीवर येते, 'फुल' ७५ वर. १०० मिली डिस्टिल्ड वॉटर टाकलं तर पातळी १४ मिमी चढली, म्हणजे १ मिमीला साधारण ७ मिली. ७० पर्यंत भरून ठेवलं. रोज सकाळी ७ ला, इंजिन गार असताना वाचायचं, आणि गाडी पोर्चमध्ये खडूच्या खुणांवरच उभी करायची. आमचा पोर्च फाटकाकडे उतरता आहे. चाक हातभर इकडेतिकडे झालं तर आकडा दोन मिमीने खोटं बोलतो.

खाली मागच्या वर्षीच्या कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला.

३ मे, शुक्रवार

३० ला ६६, १ ला ६१, २ ला ५७, आज ५२. दिवसाला ४ ते ५ मिमी, म्हणजे ३० मिलीच्या आसपास. थेंबाथेंबाने मोजलं तर पाचशेच्या वर थेंब होतात. पुठ्ठ्यावर एकही नाही. संध्याकाळी डाव्या बाजूला एक ओला डाग होता, पण त्याला रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. ते एसीचं पाणी. तेही किती, तर चमचाभर. हवेत ओलच नाही तर एसी तरी कुठून आणणार? जुलैत हाच एसी बादली भरतो.

बाबा परवा अमरावतीहून आले. तीन आठवडे ताईकडे होते. सकाळी मोगऱ्याला पाणी घालता घालता विचारत होते, "टेप कायले लावली रे?" म्हटलं, पाणी किती आहे ते कळायला.

४ मे, शनिवार

६३.

दोनदा वाचलं. काल ५२, आज ६३. गाडी खुणेवरच आहे. काल रात्री ९ नंतर चालवलीच नाही.

५ मे, रविवार

पाणी कमी होणं समजते, वाढणं समजत नाही. रात्री पडल्या पडल्या एकच कारण सुचत होतं आणि ते नको ते होतं. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या सांध्यातलं सील, फुटली तर सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्याच्या वाटेत घुसतो, पाण्याला ढकलतो आणि बाटलीतली पातळी वर येते. गोड वास, थेंब न पडता घटणारं पाणी, सगळंच त्यात बसते. पण तसं असतं तर इंजिन चालू असताना पाणी वर यायला हवं होतं. आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साय नाही. धूर पांढरा नाही.

आज ५८. म्हणजे परत उतरायला लागलं. मग ते कालचं ६३ कुठून आलं?

तोवर स्वस्तातली शंका मिटवावी म्हणून रेडिएटरचं झाकण पाहिलं. वरून एकच झाकण, पण आत दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा, स्प्रिंगचा, यंत्रणेतला दाब धरून ठेवतो आणि १.१ बारच्या वर गेला तर बाटलीकडे वाट देतो. मधला, चार आण्याएवढा, उलट्या दिशेचा. इंजिन गार होताना आत पोकळी होते, तेव्हा तो उघडतो आणि बाटलीतलं पाणी परत ओढून घेतो. मी मोजतोय तो आकडा या छोट्या व्हॉल्व्हच्या कृपेने आहे. तो अडकला तर रेडिएटर रिकामा आणि बाटली भरलेली, असा धोका. नखाने ओढून पाहिला, चालतो. पण मोठ्याचं रबर कडक होऊन त्यावर वळ पडला होता. नवीन झाकण, त्याच आकड्याचं, ३४० रुपये. जास्त आकड्याचं लावलं तर बरं, असं दुकानदार म्हणत होता. मग जिथे आज पाझर आहे तिथे उद्या कारंजं.

७ मे, मंगळवार

४९. झाकणाने फरक पडला नाही.

दुपारी एका मोठ्या गॅरेजात दाखवली. काउंटरवरच्या मुलाने बोनेट न उघडताच कागदावर लिहिलं : हेड गॅस्केट, हेड प्लेनिंग, रेडिएटर, वॉटर पंप, अंदाजे २६,०००. कशावरून म्हणता, विचारलं. "सर, पाणी कमी होऊन बाहेर पडत नाही म्हणजे आतच जाते." हे अर्धसत्य आहे. बाहेर पडणारं पाणी जमिनीवर पोचलंच पाहिजे असं कोणी सांगितलं?

येताना फोनला जोडायचं एक ओबीडी यंत्र घेतलं, ९०० रुपये. आता कूलंटचं तापमान निदान आकड्यात दिसते. ९१ ला पंखा बंद, ९६ ला चालू. व्यवस्थित आहे.

९ मे, गुरुवार

४०.

घाट रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानांमागे एक जुने मेकॅनिक आहेत. ऑफिसातल्या शिपायाने पत्ता दिला. पत्र्याची शेड, बाहेर तर्री-पोह्याचा ठेला, ठेल्याच्या तर्रीचा वास आत आणि आतल्या ग्रीसचा ठेल्यावर. त्यांनी ऐकून घेतलं, वही पाहिली, हसले. "एवढं लिहून आणणारा पयलाच भेटला जी."

हेडची शंका आधी मिटवू म्हणाले. काचेच्या नळीत निळं पाणी, नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवली, इंजिन चालू, वरून रबरी फुग्याने रेडिएटरमधली हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायची. जळलेला वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्यात असेल तर निळं पिवळं होते. दहा मिनिटं, मधूनमधून रेस देऊन. निळंच राहिलं. चारही प्लग काढून दाखवले, चौघांचा रंग एकसारखा विटकरी. पाणी जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा पांढरा निघतो, तसा एकही नाही.

२०० रुपये घेतले. २६,००० च्या कागदाची घडी करून मी ती वहीत ठेवली आहे.

"मग परवा ते पाणी वाढलं कसं, भाऊ?"

"तुमच्या घरी कोण कोण राह्यते?"

प्रश्न तेव्हा कळला नाही.

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया

सुट्टी. आंब्याचा रस, पुरणपोळी, पितरांची घागर. पहाटे सहाला वही घेऊन पोर्चमध्ये गेलो तर बोनेट उघडं, आणि बाबा स्टीलचा पेला घेऊन बाटलीवर वाकलेले. कूलरची पाइप बाजूला नळाला लावलेली, बोअरचं पाणी.

"बाबा, काय करून राहिले?"

"पाणी टाकून राहिलो. पितरांची घागर भराच्या आंधी म्हटलं हिची भरू." मग माझा चेहरा पाहून, "अरे, उन्हाळ्यात गाडीले तहान लागते. मी शनिवारी टाकतोच न. आज सण म्हणून आजच."

शनिवारी. ४ मे शनिवार होता.

"किती दिवसांपासून?"

"गाडी पुसतो तेव्हापासून. दोन वर्षं झाले असतील."

पेला मोजून आणला. बाबा भरतात तसा अर्धा भरला तर ११० मिली. म्हणजे टेपवर १६ मिमी. ५२ मधून त्या दिवसाचे ५ गेले ४७, त्यात १६ मिळवले, ६३. हिशेब तंतोतंत जुळला. कालव्यावर चोरून पाणी घेणारे पाहिले होते, चोरून पाणी घालणारा पहिल्यांदा पाहिला.

"आणि ती टेप पाहून मले वाटलं, तूच लावली, कमी झालं की टाकाले सोपं जावं म्हणून."

यावर काय बोलणार!

मग बाकीचंही उलगडलं. दिवाळीत बाटली भरलेली होती ती बाबांमुळे. एप्रिलमध्ये ते तीन आठवडे अमरावतीला गेले आणि गाडी उघडी पडली. वर्षाचे ५० शनिवार, दोन वर्षांचे १००. निम्म्याच वेळा टाकलं धरलं तरी ५ लिटरच्या वर बोअरचं पाणी, ४ लिटरच्या यंत्रणेत. गळती तेव्हापासून हळूहळू होतीच, कारण नसती तर बाटली उतू गेली असती. आधी गळती की आधी पाणी, हा हिशेब आता लागायचा नाही.

१२ मे, रविवार

बाबा दोन दिवस गप्प होते. आज जेवताना विषय त्यांनीच काढला. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या गाडीत आयुष्यभर साधं पाणीच होतं आणि पाण्याएवढं गार करणारं दुसरं काही नाही.

दुसरी गोष्ट खरी आहे. नुसतं पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटपेक्षा सरसच. निम्मं ग्लायकोल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, मिसळलं की ती ताकद साताठांश तरी कमी होते. आणि गोठण्याचा तर आपल्याकडे प्रश्नच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तरी शून्य दूरच. मग कूलंट कशाला? एक तर त्यातली गंजरोधक रसायनं. त्यांच्या गाडीत लोखंड आणि पितळ होतं, जाड. माझ्या गाडीत ॲल्युमिनियम, लोखंड, प्लास्टिक, सोल्डर, सगळं एकाच पाण्यात, आणि पत्रा पापडाएवढा. दुसरं म्हणजे क्षार. बाबांना कूलरच्या वाळ्याच्या जाळीवर मार्चमध्ये लावलेली नवी ताटी मे महिन्यात कशी होते ते दाखवलं : पांढरी, कडक, हाताने चुरडली तर चुन्यासारखी. तेच पाणी, तीच वाफ.

"ते आधी सांगायचं न," म्हणाले. सांगितलं नव्हतं, हे खरं.

तह झाला. गाडी पुसायची, बोनेट उघडायचं नाही.

१७ मे, शुक्रवार

स्वच्छ आकडे. ११ ला पुन्हा ७० करून सुरुवात : ६६, ६१, ५७, ५२, ४८. काल गाडी मुद्दाम काढली नाही, स्टार बसने गेलो : आजही ४८. उभ्या गाडीत एक मिमीही उतरत नाही. म्हणजे गरम आणि दाबात असतानाच जाते, आणि जाते तिथे इतकं गरम आहे की जमिनीवर यायच्या आत उडून जाते. पुठ्ठा अजून कोरा आहे, त्यावर आता मांजर झोपते.

१८ मे, शनिवार

परत घाट रोड. गार इंजिनावरच झाकणाच्या जागी गेजवाला हातपंप बसवला, दाब १ बारपर्यंत दिला. पंधरा मिनिटांत काटा ०.९५. कुठेही ओल नाही. भाऊ म्हणाले, "थंड्यात नाही बोलनार ते. गरम करू."

पंप तसाच ठेवून इंजिन चालू केलं. झाकण गरम असताना उघडावं लागत नाही, ही त्यातली खुबी. काटा आपोआप चढत गेला. पंखा सुरू होऊन बंद झाला आणि इंजिन बंद केलं. मग त्यांनी अर्धा मीटर रबरी पाइप घेतली, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवायला लागले. वरची होज, खालची होज, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वाट उघडणारा व्हॉल्व्ह), पंप. पंपाच्या खाली एक बारीक भोक असते. आतलं सील गेलं की पाणी तिथून डोकावते. तेही कोरडं. मग मागे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूला, जिथे हात जात नाही.

"हे ऐका."

मी कान लावला. सूंऽऽ. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो आवाज येतो तो, पण फार लांबून.

आरसा आणि टॉर्च. इंजिनाच्या मागून एक पोलादी पाइप जाते, अंगठ्यापेक्षा जाड, गरम पाणी परत पंपाकडे आणणारी. तिला धरणाऱ्या पट्टीच्या काठावर ज्वारीच्या दाण्याएवढा गुलाबी-पांढरा खडा जमला होता. बाकी पाइप काळी, धुळीची, साधी. खड्याच्या बरोबर खाली एक्झॉस्टचा पत्रा, आणि त्या पत्र्यावर रुपयाएवढा एक फिकट, भाजलेला डाग. भाऊंनी लांब पेचकसाने खडा टोकरला. सुईएवढी धार उडाली आणि पत्र्यावर पडताच चर्रकन वाफ. तोच करपलेल्या पाकाचा वास.

तीन आठवडे मी खाली पुठ्ठ्यावर पाहत होतो.

घरापर्यंत येण्यापुरती भोकावर रबराची पट्टी आणि दोन क्लॅम्प. झाकण अर्धं सैल ठेवलं, दाब होऊच नये म्हणून. दाब नसला की पाणी १०० च्या आतच उकळते, नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर आहे. म्हणून फोनवर आकडा पाहत, एसी बंद, मेडिकल चौकात सिग्नलला इंजिनही बंद. ९४ च्या वर जाऊ दिलं नाही.

२३ मे, गुरुवार

पाइप आली. डुप्लिकेट ४८०, ओरिजिनल १,१५०. दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. डुप्लिकेटची ओ-रिंगची (सांध्यातल्या रबरी कडीची) खाच नखालाही उथळ लागत होती. ओरिजिनल घेतली. ओ-रिंग ६०, दोन होज ७२०, थर्मोस्टॅटचं गॅस्केट ४०, घट्ट (पाणी न मिसळलेलं) कूलंट २ लिटर, डिस्टिल्ड वॉटरचे ५ लिटरचे तीन कॅन.

२५ मे, शनिवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, आजपासून. पहाटे ५ ला सुरू केलं, १० च्या आत आटपायचं म्हणून. आटपलं साडेबाराला.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला, एअर फिल्टरचा डबा काढला, खालची होज सोडली. २.५ लिटर निघालं, गंजाच्या रंगाचं. ते झाकणाच्या कॅनमध्ये, गच्चीवर. गटारात नाही आणि अंगणात तर नाहीच. ग्लायकोल गोड असते आणि विषारी असते, गल्लीतल्या कुत्र्याला हा फरक कळत नाही.

एक्झॉस्टच्या पत्र्याचे चार बोल्ट, १० चा पाना. तिघांना रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारला होता, ते सुटले. चौथ्यालाही मारला होता, तो तुटला.

पाइपचा खालचा बोल्ट माझ्या हाताला पोचेना. मुलगी बारावीत आहे. ती टॉर्च धरून जांभया देत होती. म्हणाली, "बाबा, मी घालू हात?" तिचा हात मनगटासकट गेला. पाना मी वरून अडकवून दिला, तिने पाव-पाव फेऱ्यात बोल्ट काढला. दहा मिनिटं. बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळा होता आणि ती पूर्ण जागी.

पंपाकडचं टोक ओ-रिंगवर बसते आणि बारा वर्षांत चिकटलेलं. ठोकायचं नाही, पंपाची खोबण ॲल्युमिनियमची आहे. नुसतं डावीकडे-उजवीकडे पिळत राहिलो. पंधरा मिनिटांनी टच्च आवाज करून हातात आलं.

जुनी पाइप उन्हात धरून आत पाहिलं. बाहेरून जिथे फक्त एक भोक, तिथे आतून देवीच्या व्रणांसारखे खड्डे, पंधरा-वीस तरी. तळाच्या बाजूला लाल गाळ, त्यावर पांढरा थर, त्यावर परत लाल. झाडाच्या खोडासारखी वर्षं मोजता आली असती. पेचकस साध्या हाताने दाबला तर आणखी एका ठिकाणी आरपार गेला. भोक बुजवून भागलं नसतंच. ओ-रिंग गोल राहिलेली नव्हती, चौकोनी झाली होती.

बाबा खुर्ची टाकून बसले होते. पाइप मागून घेतली, डोळ्याला लावून बराच वेळ पाहिली, परत दिली. काही बोलले नाहीत. मीही नाही.

खोबण पॉलिश पेपरने हलकेच साफ केली. नव्या ओ-रिंगला ग्रीस नाही लावायचं, तेलाने ते रबर फुगते. कूलंटचं बोट फिरवून सरळ आत ढकलली. बोल्ट हाताने बसवून मग पान्याने नेमाने. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, जोर दाखवायची जागा नाही.

थर्मोस्टॅट हाताशी होता म्हणून भांड्यात दोऱ्याला टांगून गरम केला. ८२ लिहिलंय, ८४ ला तोंड उघडायला लागला. चांगला आहे, तोच लावला. ते भांडं आता स्वयंपाकघरात येणार नाही, असं हिने भांडं गॅसवर ठेवण्याआधीच सांगितलं होतं.

२६ मे, रविवार

नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने चारदा धुतलं. भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, गार होऊ द्या, काढा. पहिल्यांदा लाल, दुसऱ्यांदा चहा, तिसऱ्यांदा सरबत, चौथ्यांदा पाणी.

इथे एक हिशेब चुकू नये. खालची होज सोडली तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये १.५ लिटर राहतेच, आणि ते आता नुसतं पाणी आहे. तयार मिसळलेलं कूलंट २.५ लिटर ओतलं असतं तर ग्लायकोल सव्वा लिटर, म्हणजे चारमध्ये ३१ टक्के. म्हणून घट्ट २ लिटर आणि पाणी फक्त अर्धा लिटर. आतलं दीड मिळून पाणी २, कूलंट २.

मग हवा काढणं. गाडी पोर्चच्या उतारावर लावली, नाक वर. झाकण उघडं, आणि हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे आतल्या वाटाही भरतील. २६ मे, दुपार, नागपूर, हीटर. समोरचे काका फाटकाशी येऊन थांबले. "तब्येत बरी आहे न?" बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, मी भरत राहिलो. पंखा दोनदा चालू-बंद झाला, वरची-खालची दोन्ही होज सारखी गरम लागली, ब्लोअरमधून भट्टी. झाकण लावलं. टेपवर ७०.

३० मे, गुरुवार

२७ ला ६४. पोटात गोळा आला. २८ ला ६३, २९ ला ६३, आज ६३. कोपऱ्यात अडकलेली हवा निघून पाणी तिची जागा घेत होतं, एवढंच. पाइपला बोट फिरवून पाहिलं, कोरडी.

एक्झॉस्टचा पत्रा मात्र तीन बोल्टवर आहे. ७० च्या वर खडखडतो. मोठ्या क्लॅम्पने आवळला, आता ८० च्या वर खडखडतो.

३१ मे, शुक्रवार

काल शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. ऑफिसात दिवसभर तेच. सेन्सर बिघडला होता, असं वेधशाळेने सांगितलं. मी डब्याच्या वेळी माझी गोष्ट सांगितली : कूलंटचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो हवा मोजतो, आणि इंजिन उकळत असताना डॅशबोर्ड गप्प बसतो. रामटेकच्या दिवशी माझा लाल दिवा लागला नव्हता, ते सगळं ठीक होतं म्हणून, की पाणीच कमी होतं म्हणून, ते मला माहीत नाही. कोणी फार लक्ष दिलं नाही. ५६ जास्त मजेदार होतं.

२ जून, रविवार

बाबांना घेऊन रामटेक, जाऊन-येऊन १०४ किमी. कन्हानला आज रांग नव्हती, म्हणून येताना मुद्दाम कामठीत बाजाराच्या गर्दीतून काढली, एसी चालू ठेवून. ९१ ते ९६. वास नाही.

३ जून, सोमवार

६३. आजचा आकडा बाबांनी वाचला आणि वहीत त्यांनीच लिहिला, पुढे वेळही टाकली, ६.५०. मी सातचा नियम सांगितला. त्यांच्या मते दहा मिनिटांनी पाण्याला काही होत नाही.

एकूण खर्च ५,१८०, तुटलेला बोल्ट सोडून. जुनं कूलंट आणि धुण्याचं पाणी मिळून गच्चीवर साडेबारा लिटर आहे, पाच कॅन. घाट रोडवाले भाऊ बुधवारी घेऊन जातो म्हणाले.